मोटारीचे एलपीजी रूपांतरण

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीला जादा टाकी आणि जोडसामान बसवून ती द्रवरूप पेट्रोलियम वायूवरही (एलपीजी) चालेल अशी करणे म्हणजे एलपीजी रूपांतरण. बोलताना एवढे लांबलचक कोणी म्हणत नाही. ‘किट टाकलं’ किंवा ‘गाडी गॅसवर केली’ म्हटले की भागते. मूळची पेट्रोल यंत्रणा जागेवरच राहते, त्यामुळे गाडी दोन्ही इंधनांवर धावू शकते.

एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरा खाली. थोड्या दाबाखाली दोन्ही द्रवरूप होतात, म्हणून टाकीतला दाब साधारण ५ ते १० बार एवढाच असतो. सीएनजीच्या टाकीत तो २०० बारपर्यंत जातो, त्यामुळे ती टाकी जाड आणि जड करावी लागते. एलपीजीची टाकी हलकी असते आणि बांगडीच्या आकाराचीही करता येते. ती स्टेपनीच्या खळग्यात बसते आणि डिकी मोकळी राहते. स्टेपनी कुठे ठेवायची हा प्रश्न मात्र मालकाने सोडवायचा.

टाकीच्या तोंडावरची मल्टिव्हॉल्व्ह ही या सगळ्या सामानातली सर्वांत महत्त्वाची वस्तू. टाकी ८० टक्के भरली की तिच्यातला तरंगता गोळा वाट बंद करतो. ६० लिटरच्या टाकीत ४८ लिटरच मावतात. द्रव तापला की फुगतो, त्याला जागा हवी, म्हणून हा हिशेब. नळी तुटून गॅस एकदम धावू लागला तर अडवणारी झडप तिच्यातच असते. दाब फार वाढला तर तो बाहेर सोडणारी झडपही असते. वर हवाबंद डबा असतो आणि त्यातून निघालेली नळी गाडीच्या खालून उघड्या हवेत सोडलेली असते, म्हणजे गळती झालीच तर गॅस डिकीत साचत नाही.

टाकीतून निघते ते द्रव. तांब्याच्या नळीतून ते बॉनेटखाली रेड्युसरमध्ये येते आणि तिथे त्याचा वायू होतो. द्रवाचा वायू होताना उष्णता शोषली जाते, म्हणून इंजिनाचे गरम पाणी रेड्युसरमधून फिरवलेले असते. रेडिएटरमधले पाणी कमी झाले की रेड्युसरवर पांढरा बर्फ धरतो आणि गाडी आचके देऊ लागते. जाणता मिस्त्री गॅसला हात लावण्याआधी पाणी बघतो, तो यासाठीच. गाडी पेट्रोलवर सुरू करून इंजिन तापल्यावर गॅसवर नेण्यामागचे कारणही हेच.

कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागाच्या) जुन्या गाड्यांना गॅस हवेत मिसळणारा साधा मिक्सर पुरत असे. डॅशबोर्डवरच्या स्विचला तीन जागा असत. गॅसवर जाताना तो आधी मधल्या जागेवर ठेवायचा, कार्ब्युरेटरमधले उरलेले पेट्रोल संपून गाडी अडखळली की पुढे सरकवायचा. ही सवय अंगात भिनलेले चालक कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने इंधन फवारणाऱ्या गाडीतही बोट स्विचवर ठेवून बसतात. नव्या, सिक्वेन्शियल पद्धतीत प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असतो आणि बदल आपोआप होतो. त्यासाठी इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांना, भोके पाडावी लागतात. मॅनिफोल्ड न काढता भोक पाडणारा कारागीर ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासतो, म्हणजे कीस त्याला चिकटतो आणि इंजिनात जात नाही. किटाच्या किमतीपेक्षा या हाताची किंमत जास्त, असे म्हणायला हरकत नाही. बाजारात नाव असलेली लोव्हॅटो, लँडी रेंझो, बीआरसी ही किटे मूळची इटलीची. या धंद्यात तो देश फार आधी उतरला.

एलपीजीचा ऑक्टेन अंक (इंजिनात ठोके न देता जळण्याचे माप) पेट्रोलपेक्षा जास्त असला तरी लिटरमागे ऊर्जा कमी असते. त्यामुळे ॲव्हरेज साधारण २० ते २५ टक्क्यांनी घटते. म्हणजे गॅसचा लिटरचा दर पेट्रोलच्या पाऊण पटीहून बराच खाली असेल तरच बचत होते आणि किटाचा खर्च किती किलोमीटरमध्ये फिटेल हेही त्यावरच ठरते. गॅस कोरडा जळतो, त्यामुळे काही इंजिनांत व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते. टाकीत थोडे पेट्रोल कायम ठेवावे लागते. कोरड्या टाकीत पेट्रोलचा पंप जळतो.

भारतात २००० साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन एलपीजीला वाहनाचे इंधन म्हणून मान्यता मिळाली. पाठोपाठ २००१ मध्ये त्याच्या वापराचा नियमन आदेश निघाला. त्याआधी गाड्या गॅसवर चालत नव्हत्या असे नाही. त्या घरच्या लाल सिलिंडरवर चालत. ही चाल पुरती मोडलेली नाही. स्वयंपाकाच्या गॅसवर ५ टक्के जीएसटी आणि वाहनाच्या गॅसवर १८, या दरीत अवैध रिफिलिंगचा धंदा उभा आहे. पोलिसांच्या छाप्याच्या बातमीत ठरलेल्या वस्तू असतात: उलटा केलेला सिलिंडर, गॅस ओढणारी विजेची मोटार, वजनकाटा आणि बहुधा एखादी व्हॅन. सिलिंडर उलटा का, तर सरळ ठेवला की वरून वायू येतो आणि हवे असते द्रव. एलपीजीची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते, आणि शेडमध्ये एक ठिणगी पुरते. सिलिंडरच थेट गाडीत जोडला तर ८० टक्क्यांवर अडणारा गोळा नाही, हवाबंद डबाही नाही. गॅसच्या गाडीची बदनामी मान्यताप्राप्त किटापेक्षा या जुगाडाने जास्त केली. कायद्याने वाहनाचा गॅस वेगळ्या प्रमाणकाचा, आयएस १४८६१ या भारतीय मानकानुसार असतो.

कायदेशीर मार्गात किटाला त्या प्रकारच्या गाडीसाठी मान्यता हवी. त्यासाठी किटाची चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. सकाळी फिरायला जाणारे कोथरूडकर त्या भागाला ‘एआरएआयची टेकडी’च म्हणतात. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या पेट्रोल गाड्यांना किट बसवण्याची परवानगी २०२२ मध्ये मिळाली. किट बसल्यावर आरटीओकडून आरसीवर इंधनाचा बदल नोंदवून घ्यावा लागतो आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते; नाहीतर अपघातानंतर दावा अडतो.

मारुतीच्या ओम्नी आणि वॅगन आर ड्युओ या गाड्या एकेकाळी कारखान्यातूनच एलपीजीवर येत. पुढे सीएनजीचे पंप वाढले तशी घरगुती मोटारींतली ही जागा त्याने घेतली. रिक्षांनी मात्र एलपीजी टिकवून धरला, विशेषतः बंगळूर आणि कोलकात्यात. जुनी गॅसची गाडी घेताना आरसीवरची इंधनाची नोंद, टाकीवर कोरलेला क्रमांक आणि तिच्या चाचणीची तारीख ताडून पाहावी. ही चाचणी दर पाच वर्षांनी करावी लागते, आणि बऱ्याच मालकांना ती गाडी विकायला काढल्यावरच आठवते.