अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी: स्तनांची निगा आणि योग्य कपडे

आमच्या दादरच्या दुकानात फीडिंग ब्रा आणि सुती पॅड शिवून मिळतात. बाळंतीण, किंवा तिच्या वतीने तिची आई अथवा सासूबाई आमच्याकडे येतात, त्या बहुतेक वेळा काहीतरी दुखत असते म्हणून. दुखण्याचे मूळ दर वेळी कपड्यातच असते असे नाही, म्हणून खरेदीपूर्वी हे पत्रक वाचावे, अशी विनंती आहे.

बोंडांना चिरा पडत असतील किंवा पाजताना कळ डोक्यात जात असेल, तर आधी बाळाची पकड पाहावी. बाळाने नुसते बोंड चोखले तर ते टाळूवर घासले जाते. भोवतीचा काळसर भागही त्याच्या तोंडात गेला पाहिजे. तोंड जांभई दिल्यासारखे मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली असली, की पकड बरोबर आहे असे समजावे. दुखत असल्यास बाळाला ओढून सोडवू नये. ओठांच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत सारून पकड सैल करावी आणि पुन्हा घ्यावे. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन थेंब बोंडाला लावून ते वाऱ्यावर सुकू द्यावेत. बोंडांना साबण लावू नये, कारण त्या काळसर भागातील बारीक ग्रंथी त्वचेला आवश्यक तेवढा ओशटपणा स्वतःच पुरवतात.

प्रसूतीनंतर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान चिकाचे दूध मागे पडून भरपूर दूध उतरू लागते आणि छाती दगडासारखी घट्ट होते. त्या दिवसांत बाळाला २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणे हाच मुख्य उपाय आहे. ताठरपणामुळे बाळाला पकड घेता येत नसेल, तर हाताने थोडेसे दूध काढून काळसर भाग मऊ करावा आणि पाजून झाल्यावर गार पाण्यात पिळलेले फडके ठेवावे. आपल्याकडे मालिशवाल्या बाई गाठ ‘फोडण्यासाठी’ जोर लावून चोळतात. बाळंतिणीच्या शेक-मालिशीला आमचा विरोध नाही, परंतु स्तन मात्र त्यातून वगळावेत, कारण जोराच्या दाबाने आतील सूज वाढते. ‘अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ या डॉक्टरांच्या संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनातही जोरदार मालिश टाळून गार शेक घेण्याचा आणि ‘पूर्ण रिकामे’ करण्यासाठी पंपाने अधिकाधिक दूध न काढण्याचा सल्ला आहे. जितके जास्त काढावे तितके शरीर जास्त तयार करते. स्तनाचा एखादा भाग लाल व गरम होऊन थंडी-ताप आला आणि २४ तासांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. प्रकृती फार बिघडल्यास तेवढीही वाट पाहू नये. या काळात पाजणे सहसा थांबवावे लागत नाही.

आता कपड्यांविषयी. तार असलेली किंवा काखेजवळ रुतणारी ब्रा दुधाच्या वाहिन्यांवर सतत दाब देते, म्हणून आम्ही तारेची ब्रा शिवतच नाही. माप गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात घ्यावे आणि पट्टा शेवटच्या हुकावर बरोबर बसेल असा निवडावा, म्हणजे प्रसूतीनंतर घेर कमी झाल्यावर आतल्या हुकांवर तो घट्ट करता येतो. कपात थोडी जागा राहू द्यावी. सुरुवातीला दोनच नग घ्यावेत, असे आम्ही दुकानदार असूनही सांगतो, कारण दूध स्थिरावल्यावर माप पुन्हा बदलते.

पॅड ओला झाला की लगेच बदलावा. ओल्या कापडाने त्वचा मऊ पडून चिरा वाढतात आणि बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. मुंबईच्या पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर पॅडचे जोड जास्त ठेवावेत आणि वापरण्यापूर्वी त्यांवर इस्त्री फिरवावी. प्लास्टिकचे अस्तर असलेले पॅड लोकलच्या प्रवासापुरते ठीक आहेत, दिवसभर नकोत.

नोकरीवर परतणाऱ्या मातांनी काढलेले दूध मुंबईच्या उकाड्यात बाहेर ठेवू नये. २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ते सुमारे ४ तास टिकते, पण आपल्या घरांत वर्षातील बहुतेक दिवस त्याहून गरमच असतात. फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आतल्या बाजूला, ४ दिवस चालते. प्रवासात बर्फाच्या पिशव्या घातलेली उष्णतारोधक बॅग वापरावी. २०१७ च्या कायदादुरुस्तीनुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता येते. हे कार्यालयात विचारण्यास संकोच करू नये.

दुधाच्या बाटल्या आम्ही ठेवत नाही. त्यांच्या जाहिरातीस १९९२ च्या कायद्याने मनाई आहेच, शिवाय त्या आमच्या कामात बसत नाहीत. ज्यांना बाळाच्या गरजेहून अधिक दूध येते, त्यांनी शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील मातृदुग्धपेढीत चौकशी करावी. ती १९८९ पासून चालू आहे.

माप चुकल्यास न वापरलेली, न धुतलेली ब्रा पावतीसह आणावी, बदलून दिली जाईल. माप घेण्यासाठी पडद्याआड स्वतंत्र जागा आहे, आणि बाळाला पाजायचे असल्यास तेथेच बसता येते.