लाइन फॉलोअर रोबोट

लाइन फॉलोअर : जमिनीवर काढलेली लाइन (बहुतेक वेळा पांढऱ्यावर काळी, कधी उलट) सेन्सरने ओळखून तिच्यावरून आपलं आपण चालणारी छोटी गाडी. दोन मोटर, एक कॅस्टर व्हील (कुठेही वळणारं मोकळं चाक), खाली आयआर सेन्सर (आयआर म्हणजे इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा उजेड), मोटर ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारी चिप), बॅटरी आणि हल्ली बहुतेक करून आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), एवढ्या सामानात ती होते. शाळा-कॉलेजात रोबोटिक्सची सुरुवात हिच्यापासूनच होते त्यामुळे दिसते कशी वगैरे इथे सांगत बसायची गरज नाही.

उगम : पहिला लाइन फॉलोअर कोणाचा यावर एकमत नाही, कारण कोणी उजेडामागे जाणारी गाडी मोजतं, कोणी जमिनीतल्या वायरवरून चालणारी, तर कोणी फक्त रंगीत पट्ट्यावरून चालणारीच मोजतं. नेटवर बऱ्याच ठिकाणी हा मान विल्यम ग्रे वॉल्टर यांच्या 'कासवां'ना दिलेला सापडतो. ब्रिस्टलमध्ये मेंदूवर संशोधन करणाऱ्या वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास एल्मर आणि एल्सी नावाची दोन यंत्रं केली, प्रत्येकात दोन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या ट्यूब) आणि स्टिअरिंगबरोबर फिरणारा एक फोटोसेल (उजेड ओळखणारा सेल). पण ही कासवं उजेड शोधायची, जमिनीवरच्या लाइनशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, त्यामुळे त्यांना लाइन फॉलोअर म्हणणं जरा ओढूनताणून आहे.

सर्किटच्या अंगाने बघितलं तर त्याच्याही आधीचं एक यंत्र जास्त जवळचं वाटतं. अमेरिकेत जॉन हेज हॅमंड ज्युनिअर आणि बेंजामिन मिस्नर यांनी १९१२ च्या आसपास 'इलेक्ट्रिक डॉग' नावाची तीनचाकी गाडी केली होती. तिच्या तोंडाशी उजेड ओळखणारे दोन सेलेनियम सेल आणि मध्ये पडदा, त्यामुळे टॉर्च डावीकडे धरला की डाव्या सेलवर उजेड जास्त, रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढला जातो आणि मागचं चाक वळून गाडी डावीकडे, दोन्हीवर सारखा उजेड असला की सरळ. आजच्या दोन सेन्सरच्या लाइन फॉलोअरचं लॉजिक जवळपास हेच आहे, फरक एवढाच की तिथे उजेड माणसाच्या हातात होता, जमिनीवर नव्हता.

जमिनीवरच्या रस्त्यावरून चालण्याचं श्रेय मात्र कारखान्यांकडे जातं. इलिनॉयमधल्या बॅरेट इलेक्ट्रॉनिक्सची विनाड्रायव्हर ओढगाडी कुठे १९५३ ची तर कुठे १९५४ ची सांगतात, बहुधा कोणी नमुना धरतं आणि कोणी प्रत्यक्ष बसवलेली गाडी. ती वायरमधल्या करंटच्या चुंबकीय क्षेत्रावर चालायची, म्हणजे सेन्सर कॉइलचा होता. ऑप्टिकल सेन्सरने रंगीत पट्टा ओळखणाऱ्या गाड्या त्याच दशकात ब्रिटनमध्ये आल्याचे उल्लेख आहेत. पुढे १९७० च्या सुमारास स्टॅनफर्ड कार्ट ही गाडी टीव्ही कॅमेऱ्याने पांढरी लाइन बघत चालली, पण लाइटिंग सांभाळलं तरच आणि तेही ताशी मैलभर वेगाच्या आतच. हे सगळं बघता सर्किट मिस्नर यांच्याकडून आणि पट्टा कारखान्यातून आला असं धरणं जास्त पटतं.

सेन्सर : आपल्याकडे बहुतेक मॉड्यूलवर टीसीआरटी५००० असतो, त्यात ९५० नॅनोमीटरचा आयआर एलईडी आणि शेजारी परत आलेला आयआर ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर. डेटाशीटप्रमाणे तो सगळ्यात चांगला साधारण २.५ मिमी अंतरावर बघतो, पण इतका खाली लावला तर ट्रॅकच्या सुरकुतीला घासतो, म्हणून ३ ते ८ मिमी ठीक. मुलं सेन्सर २-३ सेमी वर लावतात आणि मग मॉड्यूलवरचा पॉट (सेन्सर ॲडजस्ट करायचा स्क्रू) फिरवत बसतात, त्याने काही होत नाही. त्याच्यावरचं काळपट प्लास्टिक दिसणारा उजेड अडवतं पण उन्हात आयआर भरपूर असतो तो थेट आत जातो, त्यामुळे रूममध्ये मस्त चालणारी गाडी कॉलेजच्या पोर्चमध्ये वेड्यासारखी फिरते. हॅलोजनखालीही तेच. सेन्सरभोवती काळ्या चार्टपेपरची झालर लावली की बराच फरक पडतो.

अजून एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. डोळ्यांना काळं दिसतं ते आयआरला काळं असेलच असं नाही, काही मार्करची आणि प्रिंटरची शाई आयआर परत पाठवते आणि सेन्सरला ती लाइन दिसतच नाही. काळी इन्सुलेशन टेप सहसा चालते, फक्त फार चकचकीत नको. टेपची रुंदी १८-१९ मिमी असते, त्या हिशोबाने सेन्सरमधलं अंतर ठेवावं म्हणजे लाइन दोन सेन्सरच्या मध्ये हरवणार नाही. कॅलिब्रेशन दर वेळी जागेवरच करावं, गाडी लाइनवर डावी-उजवी फिरवून प्रत्येक सेन्सरची कमीत कमी आणि जास्तीत जास्त व्हॅल्यू घ्यावी, घरून आणलेला थ्रेशोल्ड (काळं की पांढरं ते ठरवणारी व्हॅल्यू) स्पर्धेच्या ट्रॅकवर क्वचितच चालतो.

पॉवर : लाइन फॉलोअर न चालण्याचं मोठं कारण इथे असतं आणि लोक शोधत बसतात कोडमध्ये. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी ही स्मोक डिटेक्टर, मल्टीमीटर असल्या कमी करंटच्या वस्तूंसाठी आहे, तिचा आतला रेझिस्टन्स इतका की मोटर सुरू होताना व्होल्टेज एकदम कोसळतं आणि आर्डुइनो रिसेट होतो. गाडी दोन इंच जाऊन थांबते, परत दोन इंच जाते, असं दिसलं की आधी मल्टीमीटर लावावा.

ड्रायव्हरचं पण तसंच. एल२९३डी एका चॅनेलला ६०० मिलिअँपिअर देतो, पिवळ्या बीओ मोटरला (प्लास्टिक गिअरबॉक्सची छोटी मोटर) तो चालतो पण मोटर अडकली की गरम होतो. एल२९८एन २ अँपिअरचा आहे पण तो जुन्या ट्रान्झिस्टरच्या पद्धतीचा, १ अँपिअरला साधारण १.८ ते ३.२ व्होल्ट स्वतःच खातो. म्हणजे चार पेन्सिल सेलच्या ६ व्होल्टवर मोटरपर्यंत जेमतेम ४ पोचतात, वर मॉड्यूलवरच्या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला साधारण ७ व्होल्ट लागतात ते मिळत नाहीत म्हणून आर्डुइनोही उपाशी. १८६५० साइजचे दोन लिथियम सेल लावले तर फुल चार्जला ८.४ व्होल्ट, ड्रॉप जाऊन मोटरला सहाच्या आसपास, हा मेळ चांगला बसतो. टीबी६६१२ हा ड्रायव्हर मॉसफेटचा (वेगळ्या जातीच्या ट्रान्झिस्टरचा) आहे, फार काही खात नाही, मग तिथे पीडब्ल्यूएम (मोटर भराभर चालू-बंद करून वेग ठरवणं) कमी ठेवावं लागतं. लिथियम सेलला प्रोटेक्शन सर्किट हवंच, सेलवर थेट सोल्डर करू नये (होल्डर वापरावा), ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. मोटरच्या दोन टोकांवर १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आणि सप्लायवर ४७० मायक्रोफॅरडच्या आसपासचा इलेक्ट्रोलायटिक लावला की निम्म्या विचित्र तक्रारी जातात, आणि मोटरची बॅटरी वेगळी असली तरी ग्राउंड सगळ्यांचं एकच.

कंट्रोल : दोन सेन्सरची गाडी चालू-बंद पद्धतीने डुलत डुलत जाते, वेग हवा असेल तर पाच किंवा आठ सेन्सर आणि पीआयडी, म्हणजे गाडी लाइनपासून किती सरकली (एरर) ते बघून वळण ठरवणं : पी आत्ताच्या एररवर, आय साठलेल्या एररवर, डी एरर किती झपाट्याने बदलते त्यावर. पीआयडीचं गणित सहसा निकोलस मिनोर्स्की यांच्या १९२२ च्या जहाज वळवण्याच्या कामाकडे नेतात, काही जण त्याआधीच्या एल्मर स्पेरी यांच्या ऑटोपायलटकडे बोट दाखवतात, पण समीकरण म्हणून मांडणी मिनोर्स्कींचीच स्पष्ट आहे. लाइन फॉलोअरला आय बहुतेक वेळा शून्य ठेवला तरी चालतं. आधी पी वाढवत न्यायचा, गाडी लाइनवर हलायला लागली की डी वाढवून ती हलणं मारायची, मग वेग वाढवायचा आणि परत पहिल्यापासून. हे सगळं फुल चार्जवर सेट केलं तर बॅटरी उतरल्यावर तीच गाडी सुस्त होते. लूपमध्ये (परत परत चालणाऱ्या कोडमध्ये) सीरियल प्रिंट (कॉम्प्युटरला अक्षरं पाठवणं) ठेवू नये, ९६०० बॉडला एक अक्षर जायला जवळपास १ मिलिसेकंद लागतो, बफर भरला की लूप तिथेच अडतो आणि वळण निघून जातं. लाइन हरवली तर शेवटची एरर कुठल्या बाजूची होती ते लक्षात ठेवून तिकडेच वळवायचं, थांबवायचं नाही.

भारतात : आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टसारख्या (१९९८ पासून) कॉलेज फेस्टिव्हलमधून ही गाडी पसरली. २००२ पासूनच्या एबीयू रोबोकॉनच्या मैदानांवर बऱ्याच वेळा पांढऱ्या लाइन असतात, ती आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००८ आणि २०१४ ला पुण्यात झाली. २०१६ नंतर अटल टिंकरिंग लॅबमुळे (सरकारी योजनेतल्या शाळांमधल्या प्रयोगशाळा) शाळेतही आली. सुटे पार्ट मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मिळतात. बीओ मोटर घेताना दोन्ही दुकानातच सेल लावून फिरवून बघाव्यात, छापलेला आरपीएम सारखा असला तरी दोघींचा वेग सारखा निघेलच असं नाही.