पडतोय म्हणजे पायात ताकद नाही, असं नसतं
स्ट्रोकनंतर कुणी सारखं पडायला लागलं की सगळे हेच म्हणतात, पायात जोर नाही, नीट खायला घाला, धरून चालवा. पण मेंदूच्या आत खोलवर थॅलॅमस नावाचा भाग आहे, त्याला इजा झाली तर पाय धडधाकट असूनही माणूस उभा राहू शकत नाही, १९८८ साली मसड्यू आणि गोरेलिक या डॉक्टरांनी असेच पेशंट नोंदवलेत, पलंगावर पाय व्यवस्थित हलवतात आणि उभं केलं की मागे किंवा एका बाजूला कोसळतात.

स्ट्रोकने एक बाजू लुळी पडलेल्या काहींची तर आपलं अंग सरळ आहे की नाही ही जाणीवच आतून बिघडते. असा पेशंट चांगल्या हाताने पलंगाची कड दाबून स्वतःला लुळ्या बाजूला ढकलतो, आपण सरळ करायला गेलो की अजून जोरात ढकलतो, आणि घरचे म्हणतात हट्टीपणा करतोय! प्लीज असं बोलू नका हो, त्याला खरंच वाटतं आपण दुसरीकडे पडतोय. डोळ्यांना मात्र सरळ रेष बहुतेक नीट कळते, म्हणून फिजिओथेरपिस्ट समोरची दाराची चौकट दाखवून त्याच्याशी अंग जुळवायला शिकवतात, आणि बऱ्याच जणांचं ढकलणं काही महिन्यांत कमी होतं.