मुक्ती मिशन, केडगाव

पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) यांनी उभारलेली ख्रिस्ती संस्था. बालविधवा, दुष्काळात पोरक्या झालेल्या मुली, अंध मुली आणि घराने टाकलेल्या स्त्रिया यांचा सांभाळ, शिक्षण आणि त्यांना ख्रिस्ती धर्माची शिकवण देणे हे तिचे काम. ती कोणत्याही एका चर्चपंथाशी बांधलेली नाही. त्या काळातली बहुतेक मिशने परदेशी मंडळांनी काढली आणि चालवली. केडगावला मात्र सूत्रे एका मराठीभाषक विदुषीच्या हाती होती आणि अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाहून आलेल्या मिशनरी बायका तिच्या हाताखाली काम करत होत्या. पैसा बराचसा बाहेरून येई, निर्णय केडगावात होत.

संस्थेमागचा प्रश्न समजून घ्यायचा तर एकोणिसाव्या शतकातील उच्चवर्णीय घरातली मुलगी डोळ्यांपुढे आणावी लागते. सातव्या-आठव्या वर्षी तिचे लग्न होई. नवरा पटकीने किंवा तापाने गेला की ज्या पोरीला लग्न म्हणजे काय हे धड उमगलेले नसे, ती त्या दिवसापासून विधवा ठरे. कुंकू पुसले जाई, बांगड्या फुटत, फुले माळणे बंद होई. वयात आल्यावर केशवपन आणि आलवण म्हणजे विधवेचे लाल लुगडे, एक वेळचे जेवण, आणि उरलेला दिवस घरातल्या राबण्याचा. हळदीकुंकवाला, मुंजी-लग्नाला तिने समोर यायचे नाही. खेळण्याच्या वयात तिच्यावर म्हातारपण लादले जाई, आणि घरातल्या कोणालाच त्यात काही वावगे वाटत नसे. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता, पण त्याचा आधार घेण्याची हिंमत फार थोड्यांना झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, त्यामागेही फसवल्या गेलेल्या तरुण विधवाच होत्या. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेण्यासाठी १८९१ साल उजाडावे लागले, तेही मोठ्या गदारोळानंतर.

रमाबाईंच्या वाट्याला बालविवाह आला नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि मुलीलाही आईकडून ती विद्या मिळाली. पण त्यांचेही बालपण उपासमारीत संपले. तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत फिरणारे हे कुटुंब १८७० च्या दशकातील दुष्काळात सापडले. आई, वडील, थोरली बहीण एकापाठोपाठ गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी १८८० मध्ये लग्न झाले, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये मेधावी पटकीने वारले. त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापला आणि शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे स्त्री-शिक्षक आणि स्त्री-डॉक्टरांच्या गरजेविषयी साक्ष दिली. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे वाँटेज येथील भगिनीसंघात असताना २९ सप्टेंबरला मुलीसह बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि तिथे राहून बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. या शेवटच्या गोष्टीकडे चरित्रकारांचे लक्ष कमी गेले आहे. केडगावचे वेगळेपण मात्र त्यातच दडले आहे: विधवेला अन्न-वस्त्र देणारे आश्रम पुढे बरेच निघाले, पण विधवा म्हणून आणलेल्या नऊ वर्षांच्या पोरीला आधी लहान मूल समजून खेळातून शिकवायचे, हा विचार रमाबाई सोबत घेऊन आल्या.

बॉस्टनमध्ये १८८७ च्या अखेरीस रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षांच्या मदतीची हमी मिळाली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा सुरू झाली. पुढच्या वर्षी ती पुण्याला हलली. इथे धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींना आपापले सोवळे-ओवळे पाळू द्यायचे, अशी अट होती. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. लहानपणीच लग्न झालेली आणि काही महिन्यांत वैधव्य आलेली ही कोकणातली मुलगी विशीत आल्यावर पहिल्यांदा शाळेत बसली. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे, झाली. त्या लग्नाबद्दल मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. कर्व्यांनी १८९६ मध्ये काढलेली अनाथ बालिकाश्रमाची संस्था, पुढे हिंगण्याला वाढलेली, ही शारदा सदनाच्या अनुभवातून आणि काही अंशी त्याला हिंदू समाजाला पटेल असा पर्याय म्हणून उभी राहिली.

१८९३ मध्येच सदनावर वादळ आले. रमाबाई आपल्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसू लागल्या. दार लावून घ्यायला रमाबाई तयार नव्हत्या. ‘केसरी’ने धर्मांतराचा आरोप लावून धरला. न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी बऱ्याच मुली घरी नेल्या. त्या मुलींपैकी किती जणी पुन्हा त्याच आलवणात आणि त्याच स्वयंपाकघरात गेल्या, याची चिंता त्या वादात फार थोड्यांनी केली.

केडगावची सुमारे शंभर एकर जमीन रमाबाईंनी १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धात घेतली ती फळबागेसाठी, सदनाला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून. तिचे मिशन झाले ते दुष्काळामुळे. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात अन्नान्न दशा झाली, तेव्हा वीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार आठवून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांवर त्यांनी पाहिलेली सर्वांत भयंकर गोष्ट भुकेपलीकडची होती. पोरक्या, तरण्या मुलींना हेरून नेणारे दलाल तिथे मोकाट फिरत होते आणि मूठभर धान्यासाठी मुली त्यांच्यामागे जात होत्या. रमाबाईंनी काहीशे मुली आणल्या. एवढ्यात पुण्यात प्लेग आला आणि शहरात इतक्या मुली ठेवणे अशक्य झाले. त्या केडगावच्या शेतात तंबूंत आणि गवताच्या झोपड्यांत राहू लागल्या. तिथेच १८९८ मध्ये मुक्ती सदन रीतसर उभे राहिले. प्लेगच्या इस्पितळात नेलेल्या स्त्रियांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही त्यांनी १८९७ मध्ये जाहीर पत्राने मांडला. त्याचे पडसाद ब्रिटिश संसदेपर्यंत गेले. सरकार ख्रिस्ती आहे म्हणून त्यांनी आपल्या मुलींच्या बाबतीत त्याला सूट दिली नाही.

१९०० च्या दुष्काळात गुजरात आणि काठेवाडातून मुली आणल्या गेल्या आणि केडगावची संख्या सुमारे १,९०० वर पोचली. गावापेक्षा वस्ती मोठी झाली. इतक्यांचे पोट भरायचे तर विहिरी खोदणे, दळण, शेती, गोठा, तेलघाणा, विणकाम, धुलाई, शिवण, स्वयंपाक असे सारे काही मुलींनीच करायचे होते. तिन्हीत्रिकाळ घंटेवर चालणारी शिस्त होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की इथेही मुलींना कामालाच जुंपले होते, आणि काम हलके नव्हते हे खरेच. पण लहानग्यांसाठी बालवर्ग, त्यापुढे शाळा आणि मोठ्यांसाठी शिक्षिकेचे किंवा परिचारिकेचे शिक्षण, असा क्रम होता, आणि शिकलेली मुलगी लगेच खालच्या वर्गाला शिकवू लागे. मराठी, हिंदी, गुजराती, कन्नड बोलणाऱ्या मुली एका अंगणात वाढत होत्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, अंधांसाठी बर्तिमी सदन अशा शाखा निघाल्या. मनोरमाबाईंनी अमेरिकेत ब्रेल शिकून घेतले होते, त्यामुळे अंध मुलींना बोटांनी वाचता येऊ लागले.

छापखाना हे केडगावचे सर्वांत नवल वाटावे असे अंग. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि त्याचे खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छपाई, बांधणी ही कामे मिशनमधल्या स्त्रियांनी केली. ज्या मुलीला कधी काळी पाटीला हात लावू दिला नव्हता, ती खिळ्यांच्या खणांतून हिब्रू अक्षरे वेचत होती. भाषांतर रमाबाईंच्या निधनाच्या सुमारास पुरे झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

जून १९०५ पासून केडगावला ‘संजीवन’ म्हणून ओळखली गेलेली धार्मिक जागृती झाली. शेकडो मुली तासन्‌तास रडत, पापकबुली देत, मोठ्याने प्रार्थना करत. मिनी एब्रम्स या अमेरिकन सहकारी बाईंनी त्यावर लिहिलेले पुस्तक थेट चिलीपर्यंत पोचले आणि तिथल्या पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती) चळवळीला चालना मिळाली. त्यामुळे जागतिक ख्रिस्ती इतिहासात केडगावचे नाव आदराने घेतले जाते. महाराष्ट्रात मात्र ही बाजू क्वचितच कोणाला ठाऊक असते.

धर्मांतराच्या प्रश्नाला बगल देऊन या संस्थेविषयी लिहिता येत नाही. शारदा सदनातली अट केडगावला नव्हती. इथे शिकवण उघडपणे ख्रिस्ती होती आणि बहुसंख्य मुलींनी बाप्तिस्मा घेतला. आठ-दहा वर्षांच्या, उपासमारीतून आलेल्या, मागे घर न उरलेल्या मुलीने धर्म ‘निवडला’ असे म्हणणे ओढूनताणून होईल. पण तिला त्याआधीही कोणी काही निवडू दिले नव्हते, ना नवरा, ना वैधव्य. टीकाकारांच्या आक्षेपात तथ्य होते, परंतु त्यांच्यापैकी फारच थोडे दुष्काळी छावणीत मुलगी उचलून आणायला गेले, आणि या नोंदीच्या लेखकाला ही बाजू अधिक वजनदार वाटते.

मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये वारल्या, आणि नऊ महिन्यांनी रमाबाईही गेल्या. संस्था मात्र टिकली. आज ती पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने बालगृह, शाळा, रुग्णालय आणि निराधार स्त्रियांचा आश्रय चालवते. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये रमाबाईंवर तिकीट काढले. बालविवाह सरले आहेत असे नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते, आणि मराठवाड्याच्या ऊसतोड कामगारांच्या भागात हे प्रमाण याहून बरेच जास्त आहे.

अभ्यासकांपुढची खरी अडचण साधनांची आहे. केडगावच्या मुलींविषयी जे छापील साहित्य उरले आहे, त्यातले बरेचसे ‘मुक्ती प्रेअर बेल’ या पत्रिकेसारखे, परदेशातील देणगीदारांसाठी लिहिलेले आहे. त्यात मुलींची कहाणी दुसऱ्याच कोणी सांगते. बाया कर्व्यांनी ‘माझे पुराण’ या आत्मकथनात शारदा सदनातले दिवस स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवले, म्हणून निदान एका बालविधवेचे म्हणणे थेट वाचता येते.