नेमका कोणता ओले? नॉर्वेच्या चर्चवह्यांतला वंशशोध

नॉर्वेतला पूर्वज शोधताना नाव सापडत नाही ही तक्रार क्वचितच असते. ते फार ठिकाणी सापडतं, हीच खरी पंचाईत. अठराव्या शतकात तिथल्या खेड्यांत कायमचं आडनाव नव्हतं. हान्सचा मुलगा हान्सेन, मुलगी हान्सदात्तर. ओले हान्सेनचा मुलगा मात्र ओल्सेन. त्यात थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं आणि पुढच्याला आईच्या वडिलांचं नाव ठेवायची रीत. दोन्ही आजोबा ओले असले, तर एकाच घरात दोन ओले नांदायचे. मूल दगावलं, तर पाठच्या भावंडाला बहुधा तेच नाव मिळायचं. नावाला शेताचं नाव जोडलेलं असतं, पण तो निव्वळ पत्ता. कुटुंब दुसऱ्या शेतावर गेलं की तोही बदलला. कायमचं आडनाव सक्तीचं झालं ते १९२३च्या कायद्याने.

१८२५ पासूनच्या शंभरेक वर्षांत आठ लाखांच्या आसपास लोक नॉर्वेहून अमेरिकेला गेले. त्यांचे वंशज आज चर्चवह्या, म्हणजे पाद्रींनी बाप्तिस्मा, लग्न आणि दफन नोंदवलेल्या वह्या, उघडतात, कारण नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यांची छायाचित्रं इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहेत. आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी वही वेस्टफोल्डमधल्या आंदेबू पॅरिशची (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग), १६२३ पासूनची. मजकूर डॅनिश वळणाचा आणि हस्ताक्षर गॉथिक, म्हणजे जुन्या टोकदार वळणाचं. त्यात ‘e’ पाहावा तर ‘n’ वाटतो, आणि ‘u’ ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या चंद्रकोरीवरून. अशा वेळी अनोळखी नावाशी झटापट करण्यात अर्थ नसतो. महिन्यांची नावं, त्या भागातल्या शेतांची नावं, असे आधीच माहीत असलेले शब्द पानावर हेरावेत आणि त्यांवरून त्या पाद्रीचीच अक्षरमाला तयार करावी. पाद्री बदलला की हे काम पुन्हा पहिल्यापासून.

तारखेचा घोळ याहून रंजक आहे. जुन्या वह्यांत तारखेऐवजी अनेकदा ‘ट्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार’ एवढंच असतं. ट्रिनिटीचा रविवार ईस्टरनंतर आठ आठवड्यांनी येतो, आणि ईस्टर दरवर्षी सरकतो. १७९५ साली ईस्टर ५ एप्रिलला होता, म्हणून तो तिसरा रविवार २१ जूनला पडला. पुढच्याच वर्षी ईस्टर २७ मार्चला आला आणि तोच रविवार १२ जूनला. शिवाय हा दिवस बहुधा बाप्तिस्म्याचा, जन्माचा नव्हे. अशक्त बाळाचा बाप्तिस्मा आधी घरीच उरकून नंतर चर्चमध्ये त्याला मान्यता घेत, त्यामुळे एकाच बाळाच्या दोन तारखाही सापडतात.

मग ओले नावाच्या दोघांतला आपला कोणता? माझ्या मते वहीतला सर्वांत मोलाचा मजकूर तोच, जो घाईत बहुतेक जण ओलांडून जातात: बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची यादी. बाळामागे साधारण पाचेक नावं असतात, आणि ती मुख्यतः मावश्या, काका, मामा, शेजारी यांची. समजा, एका नोंदीत वडील हान्स ओल्सेन आहेत आणि साक्षीदारांत बेरित नावाची बाई अमुक शेतावरची आहे. सहा वर्षांनी दुसऱ्याच शेतावर राहणाऱ्या हान्स ओल्सेनच्या बाळालाही तीच बेरित साक्षीदार असेल, तर कुटुंब एकच असून त्याने फक्त शेत बदललं, या अंदाजाला बळ मिळतं. उलट एकही साक्षीदार जुळत नसेल, तर नाव जुळल्याचा आनंद आवरावा. आणि दफनाची पानं पाहिल्याशिवाय तर पुढे जाऊच नये. आपला मानलेला ओले दोन वर्षांचा असतानाच वारलेला असू शकतो, आणि मग त्याच्या नावावर उभी केलेली सगळी वंशावळ कोसळते.

१८१२ सालच्या राजाज्ञेने शोधकाचं काम बरंच हलकं केलं. छापील रकाने आले, जन्मतारखेला स्वतंत्र जागा मिळाली, आणि पाद्रीच्या वहीशिवाय चर्चच्या कारकुनाने दुसरी प्रत ठेवायची असं ठरलं. दोन्ही वह्या एकाच छपराखाली ठेवायच्या नाहीत, म्हणजे आगीत एक गेली तरी दुसरी वाचेल. आज एका प्रतीत शाई फुटलेली असली की दुसरी उघडता येते. १८१० पासून दृढीकरणाच्या (किशोरवयात आपली श्रद्धा चर्चमध्ये पक्की करण्याच्या) विधीसाठी आणि लग्नासाठी देवीची लस घेतलेली असणं आवश्यक होतं, म्हणून तीही नोंद या वह्यांत आहे. एका साथीच्या रोगाविरुद्धची मोहीम खेड्यापाड्यांत माणसागणिक कशी पोचली, ते इथे दिसतं.

ओळख नेमकी ठरवण्याची गरज घराण्याच्या अभिमानापुरती नाही. नॉर्वेतल्या सेतेसदाल खोऱ्यात १८६० साली योहान क्रिस्तियान लुंड या डॉक्टरांनी काही घराण्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या, अंगाला अनावर झटके आणणाऱ्या आजाराचं वर्णन केलं. अमेरिकेत जॉर्ज हंटिंग्टन यांनी याच आजारावर लिहिलं ते १८७२ मध्ये, आणि नाव त्यांचं लागलं. अशा आनुवंशिक आजाराचा माग मागे न्यायचा, तर एक चुकीचा ओले पुरेसा आहे. आजार भलत्याच घराण्याच्या माथी बसतो. आता नॉर्वेत १८०१ ते १९६४ या काळातल्या जनगणना आणि चर्चवह्या संगणकाने जोडून अख्ख्या लोकसंख्येची नोंदवही उभारण्याचं काम सुरू आहे. संगणकापुढेही प्रश्न तोच येतो: हे दोन हान्स ओल्सेन एकच की वेगळे? त्याचं उत्तर वय, शेत, बायको-मुलं आणि भोवतालची माणसं ताडूनच द्यावं लागतं.