खेळाडू गेला की दुसऱ्या दिवशी तो वाईट कसा होतो: रेड सॉक्सच्या भांडणांची पार्श्वभूमी

१५ जून २०२५, रविवार. बॉस्टनच्या फेनवे पार्कवर तिथल्या रेड सॉक्स या बेसबॉल टीमने न्यूयॉर्कच्या यांकीजला तिसऱ्या दिवशीही हरवलं, सीरिज ३-० ने खिशात घातली, राफाएल डेव्हर्सने होम रन (आपला सिक्सरच समजा) मारला, पब्लिक खूश होऊन घरी गेलं आणि संध्याकाळी बातमी आली की डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला देऊन टाकलाय. म्हणजे १० वर्षं, ३१ कोटी ३५ लाख डॉलर असा करार ज्याच्याशी केला, ज्याचं ते दुसरंच वर्ष चालू होतं, टीमचा सगळ्यात चांगला बॅटर, तो. तेव्हापासून बॉस्टनचे फॅन जे भांडतायत ते बाहेरून बघणाऱ्याला कळतच नाही, कारण एकजण बोलतो डेव्हर्सच्या हट्टाबद्दल, दुसरा बोलतो मालकाच्या कंजूषपणाबद्दल आणि तिसरा म्हणतो की तुम्ही दोघं जे वाचून भांडताय तो पेपरच मालकाचा आहे. तिघांकडेही मुद्दा आहे, आणि तिन्ही मुद्दे जुने आहेत.

आधी घडलं काय ते थोडक्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्लबने अॅलेक्स ब्रेगमनला ३ वर्षांसाठी १२ कोटी डॉलरला घेतलं. ब्रेगमन थर्ड बेसवर (ही फिल्डिंगची जागा) खेळतो, डेव्हर्सही थर्ड बेसवरच. डेव्हर्सला सांगितलं की बाबा तू आता फक्त बॅटिंग कर, फिल्डिंग नको. त्याने आधी नाही म्हटलं, मग कुरकुरत ऐकलं. मे महिन्यात फर्स्ट बेसवरचा ट्रिस्टन कासास गुडघ्याला लागून बाहेर गेला, तर म्हणे आता फर्स्ट बेसवर उभा राहा. यावर डेव्हर्स पत्रकारांसमोर उघड बोलला की ऑफिसवाल्यांनी, म्हणजे टीम चालवणाऱ्यांनी, आपलं काम करावं आणि दुसरा खेळाडू शोधावा. मालक जॉन हेन्री स्वतः विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याच्याशी बोलून आले, आणि महिनाभराने ट्रेड, म्हणजे दुसऱ्या टीमशी अदलाबदल. गरज सरो वैद्य मरो म्हणा किंवा गड्याची मस्ती उतरवली म्हणा, दोन्ही म्हणणारे लोक आहेत.

आता यात आपल्याकडच्या वाचकाला एक गोष्ट समजून घ्यावी लागते. आयपीएलमध्ये टीमला ठरलेली पर्स असते, २०२५ च्या लिलावाला १२० कोटी रुपये होती, त्याच्या वर एक रुपया नाही. मेजर लीग बेसबॉलमध्ये असली पक्की मर्यादा नाहीच. एक रेषा आहे, २०२५ ला २४ कोटी १० लाख डॉलरची, ती ओलांडली तर जादा रकमेवर दंड भरायचा, पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी ५०, आणि एक वर्ष रेषेच्या खाली आलात की पाटी कोरी. त्यामुळे प्रत्येक सही न झालेल्या खेळाडूबद्दल फॅन एकच विचारतो, पैसे नाहीत की द्यायचे नाहीत? आणि दुसरं म्हणजे करार गॅरंटीड असतो, खेळाडू फॉर्मात नसला, जखमी झाला तरी पैसे द्यावेच लागतात. पण करारात खास अट नसेल तर क्लब त्याला न विचारता दुसऱ्या शहरात पाठवू शकतो. करार माणसाशी, पण तो करारच उचलून दुसऱ्याला विकता येतो.

हे सगळं सुरू झालं १८७९ मध्ये. नॅशनल लीगच्या मालकांनी गुपचूप ठरवलं की प्रत्येक क्लब पाच खेळाडू राखून ठेवेल आणि बाकीच्यांनी त्यांना हात लावायचा नाही. पुढे पाचाचे सगळेच झाले. करार एका वर्षाचा, पण त्यात कलम असं की पुढच्या वर्षीही हक्क क्लबचाच, आणि ते पुढचं वर्ष कधी संपायचंच नाही. याला रिझर्व्ह क्लॉज म्हणायचे. १९२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली, मग तर मालकांना रान मोकळं.

या व्यवस्थेतला बॉस्टनचा सगळ्यात गाजलेला सौदा अर्थातच रेड सॉक्सचा तेव्हाचा स्टार बेब रूथ. रूथने १९१९ मध्ये २९ होम रन मारून रेकॉर्ड केला, वर्षाला १० हजार डॉलरचा तीन वर्षांचा करार असताना २० हजार मागितले, आणि मालक हॅरी फ्रेझीने त्याला एक लाख डॉलरला यांकीजला विकलं, वर यांकीजच्या मालकाकडून कर्जही घेतलं. जानेवारी १९२० मध्ये हे जाहीर झालं. सगळे सांगतात ते शापाचं, की रूथ गेला आणि बॉस्टनने १९१८ नंतर थेट २००४ पर्यंत, ८६ वर्षं, वर्ल्ड सिरीज (मोसमाची फायनल) जिंकली नाही. मला त्यात काडीचा रस नाही. मला इंटरेस्टिंग वाटतं ते सौदा झाल्यावर फ्रेझीने काढलेलं निवेदन. त्यात तो म्हणतो की रूथ महान हिटर आहे यात वादच नाही, पण बेसबॉलचा गणवेश घातलेल्या सगळ्यात स्वार्थी माणसांपैकी तो एक आहे. म्हणजे विकला मी, पैसे घेतले मी, पण दोष त्याच्या स्वभावाचा. आणि बॉस्टनच्या पेपरांत तेव्हाही दोन तट पडलेच, काहींनी फ्रेझीचं बरोबर म्हटलं. २०२५ च्या जूनमधल्या बातम्या आणि हे निवेदन शेजारी ठेवून वाचा, भाषा बदललीय, बाकी काही नाही.

पेपरवाल्यांचं काय ते रेड सॉक्सचा मोठा बॅटर टेड विल्यम्स याच्या वेळी नीट दिसतं. त्या काळात बॉस्टनमध्ये पेपरांची गर्दी, एकमेकांवर कुरघोडी, आणि बेसबॉल कव्हर करणाऱ्या रिपोर्टरचा प्रवास, हॉटेल, जेवणखाण बऱ्याचदा क्लबच करायचा. ज्याचं खातो त्याच्या मालकाला शिव्या कोण देणार? मग शिव्या कोणाला, तर खेळाडूला. १९४८ च्या जानेवारीत विल्यम्स फ्लोरिडात मासे धरत होता आणि बायको बॉस्टनमध्ये अपेक्षेपेक्षा आधी बाळंत झाली, तर पेपरांनी त्याला असा काही धुतला की जणू मॅच फिक्स केली. त्याच्या आदल्या वर्षी, १९४७ ला, तो बॅटिंग अॅव्हरेज, होम रन आणि आरबीआय (आपल्या बॅटिंगवर टीमला मिळवून दिलेल्या धावा) तिन्हीत लीगमध्ये पहिला होता, तरी पत्रकारांच्या मतदानात एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, ठरला यांकीजचा जो डिमॅजिओ, २०२ विरुद्ध २०१, एका पॉइंटने. एका मतदार पत्रकाराने विल्यम्सला पहिल्या दहातसुद्धा धरलं नव्हतं. विल्यम्सनेही उट्टं काढलं, प्रेस बॉक्सकडे थुंकला, १९५६ मध्ये ५ हजार डॉलर दंड झाला, आणि १९६० मध्ये शेवटच्या बॅटिंगला होम रन मारून टोपीसुद्धा न उचलता आत गेला.

ज्यावर ओरडायला हवं होतं त्यावर मात्र बॉस्टनचे मोठे पेपर बरेचसे गप्प होते. १६ एप्रिल १९४५ ला फेनवेवर जॅकी रॉबिन्सनसह तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची ट्रायल झाली, तीही पिट्सबर्ग कुरिअर या कृष्णवर्णीयांच्या पेपरचा वेंडेल स्मिथ आणि बॉस्टनचा नगरसेवक इसाडोर मच्निक हात धुऊन मागे लागले म्हणून. क्लबने नंतर कोणालाच बोलावलं नाही. रेड सॉक्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्पसी ग्रीन, आला १९५९ मध्ये, लीगमधल्या सगळ्या क्लबांच्या शेवटी. टीमच्या यादीत कोण आहे याची चर्चा रोज, कोणाला येऊच दिलं नाही याची नाही.

मग खेळाडू सुटले कसे? १९६६ मध्ये पोलाद कामगारांच्या युनियनमधला मार्विन मिलर खेळाडूंच्या संघटनेत आला. १९६९ मध्ये सेंट लुईसने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला ट्रेड केलं, तो म्हणाला जात नाही, कमिशनरला पत्र लिहिलं की मी काही विकायची वस्तू नाही, आणि कोर्टात गेला. पगार होता ९० हजार डॉलर, त्यामुळे तेव्हाही लोक म्हणालेच की एवढे पैसे मिळतात तर रडतोस कशाला. १९७२ मध्ये तो ५-३ ने हरला, करिअर संपलं. पण २३ डिसेंबर १९७५ ला पीटर साइट्झ नावाच्या लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या (बॉल टाकणाऱ्यांच्या) केसमध्ये सांगितलं की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी साइट्झला लगोलग काढून टाकलं, पण घोडं सुटलं होतं. त्यानंतरच्या करारात ठरलं, सहा वर्षं सर्व्हिस झाली की खेळाडू मोकळा. आजही तेच गणित आहे, म्हणूनच तर पाचव्या वर्षातल्या खेळाडूवरून फॅनचा जीव वरखाली होतो, सही करा नाहीतर विका.

रेड सॉक्सने या नव्या जगात पाऊल टाकलं तेच घसरून. १९८० च्या डिसेंबरमध्ये कार्लटन फिस्क, गावचाच पोरगा म्हणावा असा न्यू इंग्लंडचा कॅचर, त्याला करार पाठवायची शेवटची तारीख २० होती आणि ऑफिसने पाकीट पोस्टात टाकलं २२ ला. बस. तो मोकळा झाला, शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला, जर्सीवरचा २७ नंबर उलटा करून ७२ घालून पुढे बारातेरा वर्षं खेळला. वेंधळेपणा की मुद्दाम, यावर बॉस्टनचे म्हातारे फॅन अजून वाद घालतात.

आता पेपर कोणाचा ते. १९९३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स कंपनीने बॉस्टन ग्लोब हा शहरातला मोठा पेपर विकत घेतला. २००२ मध्ये जॉन हेन्रीच्या ग्रुपने रेड सॉक्स घेतला, त्या ग्रुपमध्ये टाइम्स कंपनीची साधारण १७ टक्के भागीदारी. ती त्यांनी २०१२ पर्यंत विकून टाकली, तर २०१३ मध्ये हेन्रीनेच ग्लोब घेतला, ७ कोटी डॉलरला. सामने दाखवणारं नेसन चॅनलही ८० टक्के त्याच ग्रुपचं, हाच तो ग्रुप ज्याच्याकडे लिव्हरपूल हा फुटबॉल क्लब आहे. ग्लोबमध्ये रेड सॉक्सच्या मालकीबद्दल बातमी आली की मध्येच एक वाक्य असतं, हेन्री या पेपरचेही मालक आहेत. ते वाक्य वाचलं की फॅन लगेच म्हणतो, कुंपणच शेत खातंय.

माझं मत विचाराल तर हेन्री फोन करून बातम्या लिहून घेतो असं मला वाटत नाही. ग्लोबचाच स्तंभलेखक डॅन शॉनेसी त्याच्यावर वर्षानुवर्षं तोंडसुख घेतोय आणि त्याची नोकरी शाबूत आहे. खरी गोम साधी आहे, खेळाडू शहर सोडून जातो, ऑफिस तिथंच राहतं, आणि रिपोर्टरला उद्याही त्याच ऑफिसात फोन करायचाय. म्हणून गेलेल्या माणसाबद्दल 'सूत्रांकडून' जे येतं ते एकाच बाजूचं येतं, पेपर कोणाचाही असो.

२००४ मध्ये हेच झालं. नोमार गार्सियापारा, शहराचा लाडका शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर), ३१ जुलैला शिकागो कब्स टीमला ट्रेड झाला, आणि लगेच बाहेर आलं की त्याने म्हणे टाचेच्या दुखण्यामुळे पुढे सुट्ट्या लागतील असं सांगितलं होतं. नोमार म्हणाला साफ खोटं. पण तीन महिन्यांनी टीम वर्ल्ड सिरीज जिंकली, मग कोण विचारतंय. तेव्हापासून ऑफिसच्या बाजूचे फॅन प्रत्येक ट्रेडला नोमारचंच उदाहरण देतात.

२०११ चं प्रकरण त्याहून घाण. सप्टेंबरमध्ये ७ जिंकल्या, २० हरल्या, प्लेऑफ गेलं, दोन वर्ल्ड सिरीज जिंकून देणारा मॅनेजर (आपल्याकडचा कोच) टेरी फ्रँकोना गेला, आणि ऑक्टोबरात ग्लोबमध्ये मोठी बातमी. पिचर लोक मॅच चालू असताना आत बसून चिकन आणि बिअर झोडत होते हे सगळ्यांना आठवतं, पण त्याच बातमीत निनावी सूत्रांच्या हवाल्याने फ्रँकोनाच्या वेदनाशामक गोळ्या आणि त्याचं मोडत आलेलं लग्नही होतं. गोळ्यांचा कामावर परिणाम झाला हे त्याने ठाम नाकारलं. टाइम्स कंपनीचा हिस्सा तेव्हा पूर्ण संपलेला नव्हता, त्यामुळे संशयाला जागा होतीच.

मुकी बेट्सच्या वेळी मात्र ही जुनी युक्ती चालली नाही, कारण त्याच्याबद्दल वाईट बोलायला कोणाकडे काही नव्हतंच. २०१८ चा एमव्हीपी, त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज. क्लब दोन वर्षं दंडाच्या रेषेच्या वर होता, पाटी कोरी करायची होती, म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये बेट्स आणि सोबत डेव्हिड प्राइसचा जड करार दोन्ही लॉस एंजेलिसच्या डॉजर्सच्या गळ्यात. बदल्यात व्हर्डुगो, डाउन्स, वाँग हे तीन खेळाडू. जुलैमध्ये बेट्सने डॉजर्सशी १२ वर्षांचा ३६ कोटी ५० लाखांचा करार केला आणि ऑक्टोबरात तिथे वर्ल्ड सिरीज जिंकला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये टीमचा शॉर्टस्टॉप झँडर बोगार्ट्सही सॅन डिएगोला गेला. जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला फेनवेवर आइस हॉकीची मॅच होती, तिथे हेन्रीला पब्लिकने भर थंडीत हुर्यो केलं, आणि त्याच आठवड्यात डेव्हर्सच्या ३१ कोटींच्या कराराची बातमी आली. म्हणजे हा करार फॅन लोक स्वतःची कमाई समजत होते. तो विकला गेला तेव्हा एवढा डोंब का उसळला ते यावरून कळावं.

ट्रेड नंतर फसला म्हणावं तर २०२५ मध्ये टीम प्लेऑफला पोचली, आणि जमला म्हणावं तर पहिल्याच फेरीत यांकीजकडूनच २-१ ने बाहेर. ज्याच्यासाठी डेव्हर्सला थर्ड बेसवरून हलवलं त्या ब्रेगमनने मोसम संपताच करारातली सोय वापरून स्वतःला मोकळं केलं. खेळाडू आणि मालकांमधला सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय, मालकांपैकी बऱ्याच जणांना पगारावर पक्की मर्यादा हवीय आणि संघटना त्याला कायम नकोच म्हणत आलीय, १९९४ मध्ये याच कारणावरून संप होऊन वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती. बॉस्टनचे फॅन यावरही आत्ताच दोन गटांत वाटले गेलेत.