गोदीच्या भिंतीमागचा समुद्र

मुंबईकर समुद्र पाहायला जातो तो पश्चिमेला, चौपाटीवर. माझगाव-शिवडीच्या रहिवाशाला घरापासून हाकेच्या अंतरावर असलेला समुद्र पिढ्यानपिढ्या दिसला नाही, कारण मध्ये गोदीची भिंत होती.

कापसाच्या व्यापारातून १८७५ मध्ये कुलाब्याला ससून गोदी उभी राहिली. त्याआधी दोन वर्षे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला होता. पुढे प्रिन्सेस, व्हिक्टोरिया आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी, अशी रांगच लागली. बंदराची फाटके रंगांवरून ओळखली जात. त्यांतल्या ‘यलो गेट’चे नाव आजही पोलीस ठाण्याला आहे. याच व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या एकत्र असताना आग लागून भीषण स्फोट झाले. शेकडो माणसे दगावली आणि आग विझवताना ६६ अग्निशामकांचे प्राण गेले. अग्निशमन सेवा सप्ताह दरवर्षी याच तारखेला सुरू होतो, आणि माझ्या मते पूर्व किनाऱ्यावर उद्या जे काही उभे राहील, त्यात या माणसांच्या स्मृतीला दर्शनी जागा मिळायलाच हवी.

गोदीची उतरण कंटेनरमुळे सुरू झाली. मोठ्या जहाजांना खोल पाणी आणि माल ठेवायला ऐसपैस मोकळी जागा लागते. दाट वस्तीला खेटलेल्या जुन्या गोद्यांत ती मिळणे शक्य नव्हते. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि मालवाहतुकीचा मोठा ओघ खाडीपलीकडे गेला. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या तर कंटेनरसाठी जमीन हवी म्हणून भराव टाकून बुजवण्यात आल्या. ज्या गोदीतील स्फोटाने शहर हादरले, तिचे पाणीच आता उरलेले नाही.

बंदराची मोकळी होणारी जमीन लोकांना खुली करण्याच्या विचाराला २०१४ मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीमुळे चालना मिळाली. भाऊच्या धक्क्यावरून २०२० मध्ये मांडव्याची रो-रो बोट (माणसांबरोबर वाहनेही नेणारी) आणि २०२२ मध्ये तिथूनच जवळ वॉटर टॅक्सी सुरू झाली, तर बॅलार्ड पिअरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. ससून गोदीत २०१७ मध्ये भिंती रंगवून कलाप्रदर्शन भरले होते. तेथे आजही उजाडण्यापूर्वी मासळीचा लिलाव पुकारला जातो आणि बायका ओल्या फरशीवर बसून कोळंबी सोलत असतात.